अंबरनाथचे नऊ डावखुरे

कराडच्या स्टँडवरून कल्याणची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन शर्ट, शंकरपाळ्यांचा डबा आणि एक कागद होता. कागदावर आमच्या बेसबॉल संघाची यादी होती. आठ नावं लिहिलेली, नववी ओळ कोरी. त्या ओळीत दत्तूचं नाव भरायला मी निघालो होतो. महिनाअखेर जिल्ह्याच्या खुल्या गटासाठी नऊ नावं गेली नाहीत तर संघ बाद, आणि आमच्या गावात एकदा मोडलेली गोष्ट पुन्हा उभी राहत नाही.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट ही. मी शाळेत खेळाचा मास्तर, दत्तू माझा विद्यार्थी. चेंडू टाकायला त्याला आठवीपासून मी शिकवलं. आयटीआय करून तो अंबरनाथला कारखान्यात लागला, त्याला पाच वर्षं झाली. जाताना मी त्याला माझा जुना ग्लोव्ह (चेंडू झेलायचा चामडी हातमोजा) दिला. मी डावखुरा. डाव्या हाताने टाकतो, म्हणून ग्लोव्ह उजव्या हातात घालतो. दत्तू उजवा, त्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी आठवण म्हणून दिला.

पुढे त्याची पत्रं यायची ती 'आमचा संघ', 'आमचं मैदान', 'आमचे गोपभाई' यांनीच भरलेली. तो 'आमचा' वाचला की माझ्या पोटात दुखायचं. "पोरगं सुखात आहे, तुमचं का जळतंय?" असं बायको विचारायची. मी खडूचा हात पँटला दोनदा पुसायचो. त्या सवयीवरूनही ती बोलायचीच.

दत्तूने कळवलं होतं की वाटेत उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोपभाईंकडून एक पार्सल घेऊन या. कल्याणहून शेअर रिक्षात बसलो आणि बाहेर बघण्याच्या नादात तीन नंबर मागे टाकला.

"तीन तो कबका गया, काका," रिक्षावाला म्हणाला. "बोलना मांगता था ना."

उन्हातून मागे चालत आलो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशिनांची घरघर, दारात जीन्सच्या कापडाचे गठ्ठे, आणि गटारातलं पाणीसुद्धा निळं. गोपभाई पन्नाशीचे सिंधी गृहस्थ, गळ्यात टेप. मी नाव सांगताच त्यांनी मशिन थांबवलं.

"अरे साईं, तुम्ही दत्तूचे सर? बसा, बसा. पहिला दालपकवान खावा, बाद में बात." दालपकवान म्हणजे कडक तळलेली मोठी पुरी आणि वर हरभऱ्याची घट्ट डाळ. दोन प्लेटी झाल्या. "ये टीम मेरी है, सर," ते म्हणाले. "बॅट कंपनीवाले बनवतात. बाकी ग्लोव्ह मी शिवला, बेस मी शिवला. चार गठ्ठे चिंधी भरली त्या बेसमध्ये." बेस म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यांवर ठेवायची, धावत येऊन पाय टेकवायची गादी.

आमच्याकडे मैदानाला लागून एक वखारवाला आहे. चेंडू त्याच्या आवारात गेला की तो परत देत नाही. आणि इथे जीन्स शिवणारा माणूस संघाला 'माझा' म्हणत होता. मला दालपकवान कडू लागायला हवं होतं, पण ते फार चांगलं होतं.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पार्सल दिलं. "दत्तूला द्या. सँपल आहे. दर साल मी टाके मजबूत करून देतो."

अंबरनाथला दत्तूची खोली शिवमंदिराच्या अलीकडे. त्याने वाकून नमस्कार केला, शंकरपाळे उभ्याउभ्याच खाल्ले आणि बॅट दाखवली. कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे करतात, तिथल्या सुताराने उरलेल्या लाकडातून ती लेथवर कातली होती. इतकी गुळगुळीत बॅट मी आयुष्यात हातात धरली नव्हती. यादीचा विषय त्या दिवशी काही मी काढला नाही. उद्या सामना होता, तो हरला की विचारावं असा माझा बेत. हो, तो हरावा अशीच माझी इच्छा होती.

सामना बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला एका कापणी झालेल्या भातखाचरात. बांध फोडून सपाट केलेलं मैदान, मागे वाळलेल्या गवताचे डोंगर. हे सामने जिल्ह्याच्या ब गटातले, म्हणजे खालच्या गटातले. तरी बांधावर शंभरेक माणसं. आमच्या सामन्याला पंचाच्या घरचेही येत नाहीत.

दत्तू पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो मधोमध उभा राहिला आणि त्याने डाव्या हाताने चेंडू टाकला. मला वाटलं, गंमत करतोय. मग पहिल्या बेसवरच्याने डाव्याने टाकला. मग लांबच्याने. नऊच्या नऊ जण डावखुरे.

शेजारी पाड्यावरची एक म्हातारी भारा टेकून बसली होती. तिने विचारलं, "ही पोरा सगली डावरी कशी रं? एका आईची हायत का?"

 मी दुसरंच बघत होतो. टाकण्याआधी प्रत्येक जण डावा तळवा पँटला पुसत होता. दोनदा.

सामना ते जिंकले. दत्तू पाणी प्यायला आला तसं मी त्याला धरलं. "हे काय आहे?"

तो कानापर्यंत हसला. "सर, सुरुवातीला आम्ही उघड्या हातानं खेळायचो. मग गोपभाईंकडे नमुना म्हणून तुमचा ग्लोव्ह पाठवला, म्हटलं असे नऊ करा. त्यांच्या गल्लीत नमुन्यापासून एक टाका हलवत नाहीत. त्यांनी नऊच्या नऊ उजव्या हातातले शिवले. सामना आठवड्यावर आलेला. घातले तसेच. सपाटून हरलो. पण एवढ्या प्रेमानं शिवलेले, परत कसे करायचे? मग म्हटलं, सर डाव्यानं टाकतात, तर आपणही शिकू. तुम्ही कसे टाकायचे ते मला पाठ होतं. तेच शिकवलं सगळ्यांना."

"आणि हात पुसणं?"

"ते त्यातलंच नाही का?" त्याने खरंच विचारलं.

मी कागद काढला. नववी ओळ दाखवली. दत्तूने वरची नावं बोटाने मोजली.

"आलो असतो, सर. पण मी गेलो तर इथं आठ उरतात."

 आठ म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. त्याने पार्सल सोडलं. आत माझाच ग्लोव्ह होता, जुन्या चामड्यावर निळ्या दोऱ्याचे नवे टाके. त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला. "आता नमुना लागत नाही आम्हाला. तुम्हाला एक माणूस कमी आहे ना? खुल्या गटाला वयाची अट नाही, सर."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून जळत होतो. त्या सुताराचा, गोपभाईंचा, बांधावरच्या शंभर माणसांचा हेवा. सगळ्यांत जास्त त्या आठ पोरांचा, ज्यांना सोडून दत्तू येईना.

घरी पोचलो तर बायकोने पहिलं विचारलं, "दत्तूचं नाव लिहिलंत?"

मी ग्लोव्ह टेबलावर ठेवला आणि कागद उलगडला. अंबरनाथला माझ्या हाताने टाकणारे नऊ जण होते. आमच्या गावात एकच, आणि तो सत्तेचाळीस वर्षांचा. मी डावा हात पँटला पुसला, दोनदा, आणि नवव्या ओळीत माझं नाव लिहिलं.