जुनेर रंग सोडत नसतं

गोधडी ही वस्तू नसून तीन पिढ्यांनी एकमेकींना दिलेली ऊब असते. हे वाक्य माझं आहे. नांदेडात एका बचत गटाने गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. ठरलेले प्रमुख पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून दोन गल्ल्या सोडून राहणारा निवृत्त ग्रंथपाल या एकमेव पात्रतेवर मला बोलावण्यात आलं. शाल अंगावर पडली की माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. माझ्या तोंडून हे निघालं. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या माझ्या बायकोने, शोभाने, तेवढी टाळी वाजवली नाही. मी आयुष्यात सुईत दोरासुद्धा ओवलेला नाही, हे त्या सभागृहात फक्त तिला माहीत होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "एवढं कळतंय तर मयूरीच्या बाळाची गोधडी तुम्हीच बघा."

मयूरी आमची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यातच आमच्याकडे आली होती. तेव्हापासून घरात एवढे नियम लागू झाले होते, की आमच्या ग्रंथालयात चाळीस वर्षांत झाले नसतील. त्यातले गोधडीचे दोन. पहिला, बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागावं, तेही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. दुसरा, बाळ जन्मायच्या आधी गोधडी शिवायची नाही. कापून ठेवली तर चालते. (कात्री चालते आणि सुई चालत नाही, हे कुणी ठरवलं असं मी विचारलं. उत्तराऐवजी मला कात्री मिळाली.)

सगळ्यात म्हातारं माणूस म्हणजे शोभाची लातूरजवळच्या मुरुडची आत्या. शोभा चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून तिला याच आत्याने वाढवलं. आत्याने जन्मभर लोकांना दिलं आणि कुणाकडे कधी काही मागितलं नाही. अशा माणसांची नातेवाइकांना फार भीती वाटते. तर आत्याने बाळासाठी आपलं आवडतं लुगडं पाठवलं. डाळिंबी रंगाचं, हिरव्या काठाचं, फक्त सणावाराला नेसलेलं. "फाटकं दिलं असं कुणी म्हणू नये" म्हणून खळ घालून, इस्त्री करून. आत्याचं जुनेर आमच्या घरातल्या नव्या कपड्यांपेक्षा नवं दिसत होतं.

शोभाने फोनवर विचारलं, "आत्या, बारशाला तुला काय घेऊ?" आत्याने आधी मयूरीची चौकशी केली. मग म्हणाली, "तसलंच एक बघ. मिळालं तर."

पन्नास वर्षांतली ही पहिली मागणी. शोभा फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. त्यानंतर ते लुगडं पिशवीत घालून तिने नांदेड, उदगीर आणि लातूरची दुकानं पालथी घातली. (पिशवी मी धरत असे.) डाळिंबी मिळे तर काठ हिरवा नसे, काठ हिरवा मिळे तर डाळिंबी भडक असे, आणि आत्याच्या लुगड्याचा तो धुऊन धुऊन निवलेला रंग तर कुठेच नसे. शेवटी लातूरच्या एका दुकानदाराने विणकराला सांगून दोन महिन्यांनी मिळवून दिलं. देताना म्हणाला, "बाई, नव्याला जुन्याचा रंग मागणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिलं."

म्हणजे आता घरात दोन लुगडी होती. एकाच रंगाची, एकाच काठाची. एक आत्याने दिलेलं, कापायचं. एक आत्याला द्यायचं, न कापायचं. हुशार वाचकाच्या पुढचं लक्षात आलं असेल. मी ग्रंथपाल होतो, माझ्या लक्षात आलं नाही.

मी आधी पद्धत बसवली. घरातल्या चिंध्यांचं बोचकं सोडून रंगांप्रमाणे वर्गीकरण केलं. माझ्या जुन्या लुंग्यांचे पांढरे चौकोन शंभर क्रमांकात, मयूरीच्या शाळेच्या गणवेशाचे निळे दोनशेत, शोभाच्या ब्लाउजांचे पिवळे-केशरी उरलेसुरले तुकडे तीनशेत. प्रत्येक वर्गाचं वेगळं पाकीट. शिवाय रंगसंगतीवरचं एक जाड पुस्तक वाचून आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. उबदार रंग मध्यभागी, थंड रंग कडेला, आणि ऐन मध्यावर आत्याच्या डाळिंबीचे नऊ चौकोन. मयूरीने नकाशा पाहून विचारलं, "बाबा, बाळाला वाचता येईपर्यंत थांबायचं का?"

उरली कापाकापी. शोभा त्या दिवशी डिंकाचे लाडू वळत होती. मी विचारलं, आत्यांचं जुनेर कुठे आहे? ती म्हणाली, कपाटात. कपाटात खालच्या कप्प्यात दोन्ही लुगडी होती. एक दुकानाच्या सोनेरी अक्षरांच्या खोक्यात, कडक घडीत. दुसरं उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं. मी एक क्षणही घुटमळलो नाही. अभ्र्यातलं काढलं, नऊ चौकोन कापले, उरलेलं गोधडीच्या आतल्या थराला काढून ठेवलं. मग अंगात काम करण्याची लाट होतीच, म्हणून खोक्यातलं लुगडं कुणी न सांगता चकचकीत कागदात बांधलं, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली आणि वर लिहिलं, "ती. आत्यांना सप्रेम". चौकोन शोभाला नेऊन दाखवले. तिचे हात तुपाचे होते. तिने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "बरे कापलेत." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल हे तिने पहिल्यांदाच म्हटलं.

मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी पाकिटं आणि नकाशा घेऊन मी मागच्या गल्लीतल्या रुक्मिणबाईंकडे गेलो. त्या गोधड्या शिवून देतात. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला, मग त्यावर पानाची तबकडी ठेवली. सत्काराची ती शालही मी नेली होती, आत घालता येईल म्हणून. ती त्यांनी दोन बोटांत धरून परत दिली. "ह्याच्यात लेकरू खाजवून बेजार व्हईल. हे सत्कारालाच ऱ्हाऊ द्या."

दहाव्या दिवशी गोधडी आली, आणि खोटं कशाला बोला, सुरेख आली. मध्ये डाळिंबी, भोवती केशरी, मग पांढरं, कडेला निळं, सगळीकडून बारीक धावदोरा. दोन दिवसांनी बारसं होतं. बाळाच्या अंगाखाली घालण्याआधी ती धुऊन उन्हात घालायची, असा आणखी एक नियम निघाला. मी बाह्या सरसावून गच्चीवर गेलो.

बादलीतलं पाणी प्रथम गुलाबी झालं. मग बिटाच्या पाण्यासारखं झालं. मी वर काढून पाहिली, तर माझ्या लुंग्यांचे सगळे चौकोन लाजल्यासारखे दिसत होते. निळे जांभळे झाले होते. केशरी कुठे गेले ते कळत नव्हतं.

शोभा वर आली. तिने बादलीकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"जुनेर रंग सोडत नसतं," ती म्हणाली. "सोडायचा तेवढा त्याचा सोडून झालेला असतो."

मी म्हणालो, साबण जरा तीव्र असेल.

"तुम्ही कुठलं कापलं?"

"अभ्र्यातलं."

"अन् खोक्यातलं?"

"ते नवं. ते बांधून ठेवलंय."

"खोक्यात जुनेर होतं." शोभा फार रागावली की तिची मुरुडची बोली वर येते. ती आता आली. "आत्याचं हाय ते. त्याची घडी मोडू न्हाई म्हणून म्या खोक्यात ठिवलं."

"अगं, पण जुनं कुणी खोक्यात ठेवतं का? आणि नवं अभ्र्यात?"

"नवं काय, दुकानात मिळतंय."

चाळीस वर्षं मी दुर्मीळ पुस्तकं कुलपात आणि नवी बाहेरच्या मांडणीवर ठेवत आलो होतो. 

खाली येऊन तिने बांधलेल्या कागदाचा एक कोपरा उचकटला. आतून कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. काठाजवळ आत्याने स्वतः केलेलं नखाएवढं रफू होतं. शोभा तशीच खाली बसली. आत्याने जन्मात एक गोष्ट मागितली, आणि तिचे नऊ चौकोन होऊन दोरीवर वाळत होते.

मी रुक्मिणबाईंकडे जाऊन तक्रारीच्या सुरात विचारलं, कापड नवं होतं हे तुम्हांला कळलं नाही का?

"पयल्या टाक्यालाच कळलं," त्या म्हणाल्या. "नव्यात सुई करकर करती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आकडे टाकून दिल्ते. म्या म्हणलं, शिकल्याली मानसं, कायतरी शास्त्र असंल."

उरलेला एक दिवस मी डाळिंबी तुकडा खिशात घालून नांदेडच्या बाजारात हिंडलो. एकाने तो पाहून पिस्ता रंग दाखवला. दुसऱ्याने तो बोटांत चोळला आणि गल्ल्यावरच्या भावाला म्हणाला, "बघ, असलं कापड लोक कापून राहिले." तिसऱ्याने खुर्ची आणि पाणी दिलं. माझा चेहरा त्या लायकीचा झाला असावा. लुगडं मिळालं नाही. लातूरच्या दुकानदाराने फोनवर दोन महिने सांगितले. मी म्हणालो, बारसं उद्या आहे. तो म्हणाला, "मग पुढच्या बारशाला."

रात्री शोभाने निकाल दिला. आत्याला खोटं सांगायचं नाही आणि पाहुण्यांसमोर खरं सांगायचं नाही. आहे तेच हातात द्यायचं, आणि लोक गेले की पाय धरायचे. कुणी कुणाचे, हे तिने सांगितलं नाही, पण माझ्याकडे पाहिलं.

आत्या सकाळच्या एसटीने आली. काठीसारखी ताठ. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं काम झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग आहेर. मुरुडकडे आहेर घरी नेऊन उघडत नाहीत, दहा जणींच्या समोर तिथेच उघडतात, हे आमच्या योजनेत कुणी धरलंच नव्हतं. आत्याने पुडकं मांडीवर घेतलं.

"जावईबापूंनी बांधलंय वाटतं," ती म्हणाली. "लई चिकटवलंय."

बायका हसल्या. कागद निघायला पाच मिनिटं लागली. एवढी लांब पाच मिनिटं मी निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा काढली नव्हती. लुगडं बाहेर आलं. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, आत्या, अगदी तुमच्या त्या लुगड्यासारखंच आहे की.

आत्याने पोत चाचपला, नाक मुरडलं. "बरं हाय. पण माझ्या जुनेराची सर न्हाई ह्याला."

शोभा जमिनीकडे पाहत होती. मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात काठावरून चाललेलं आत्याचं बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्याच जागी येऊन थांबलं.

आत्याने मान वर केली आणि चांगला असलेला डोळा माझ्यावर लावला.

"दुकानदार लई गुणी दिसतो, जावईबापू," ती म्हणाली. "रफूबी करून दिलं."

कुणालाच काही कळलं नाही. आत्याने लुगड्याची घडी मोडली आणि म्हणाली, "आणा ते लेकरू. पयलं जुनं लागावं लागतं." जुनं कुठे आहे, असं काकूंनी विचारलं. आत्याने ते ऐकलं नाही. बाळ त्या डाळिंबीत गुंडाळलं गेलं आणि झोपलं.

लोक गेल्यावर शोभा आत्याच्या पायांशी बसून रडली आणि सगळं सांगितलं. आत्याने गोधडी मागवली. मधल्या नऊ चौकोनांवरून हात फिरवला.

"हे माझं नवं व्हय?"

"हो, आत्या."

"ऱ्हाऊ दे. नव्याची खळ निघून मऊ पडायला चार-दोन वर्सं लागत्यात. तेवढा टाइम कुणाकडं हाय?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् खरं सांगू का शोभे, जुनेर देऊन टाकलं तवापासून पेटीत हात घातला की चुकल्यागत व्हायचं."

दुसऱ्या दिवशी ती तेच लुगडं नेसून मुरुडला गेली. बाळासाठी त्याच्या पदराचा वीतभर तुकडा कापून दिला. कात्री तिने स्वतः चालवली. मला हात लावू दिला नाही.

नवीन लुगडं विणकराकडे पुन्हा सांगितलं आहे. ते आलं की खोक्यात जाईल की अभ्र्यात, हे मला कळवलं जाणार नाही. बचत गटाने पुढच्या प्रदर्शनालाही बोलावलं होतं. मी प्रकृतीचं कारण सांगितलं.

गोधडी बाळाला दिलेली नाही. आठ वेळा धुतली तरी ती अजून रंग सोडते, आणि माझा नकाशा पुसला जाऊन ती आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच रंगाची झाली आहे. तीन पिढ्यांपैकी सध्या तिच्यावर मी एकटाच झोपतो. माझी चारही बनियनं डाळिंबी झाली आहेत.