ट्रॅकवर फोडलेला नारळ

मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर सरकत्या जिन्यावरून उतरलं की डाव्या हाताला माझं दुकान आहे. पत्ता इतक्या बारकाईने सांगतो, कारण पहिले दोन महिने आमच्याकडे आलेली बहुतेक मंडळी स्वच्छतागृह शोधत आलेली असायची, आणि ते उजव्या हाताला आहे.

दुकानात नेमकं काय आहे, हे सांगायला थोडा वेळ लागतो. मधोमध चार पदरी लाकडी ट्रॅक आहे. प्रत्येक पदराला एक खाच, आणि खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी. तळहाताएवढ्या गाडीच्या पोटाखाली एक जीभ असते, ती खाचेत बसते, पट्टीतून वीज घेते आणि गाडी धावते. आपल्या हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर असतो, घोडा जितका दाबाल तितका वेग. स्टिअरिंग नाही, म्हणून लोकांना वाटतं यात काय एवढं! मग पहिल्याच वळणावर घोडा दाबून धरतात आणि गाडी उडून समोरच्याच्या कोल्ड कॉफीत पडते. जगात याला स्लॉट कार म्हणतात. आमच्या शहरात, म्हणजे पाटीवर अहिल्यानगर आणि तोंडात अजून नगरच, याला 'ते गाड्यांचं काहीतरी' म्हणतात.

भिंतीलगतच्या कपाटांत जोडायची विमानं, जहाजं, केसाएवढ्या टोकाचे ब्रश आणि बोटभर बाटल्यांतले रंग आहेत. ही हौशी लोकांची बाजू. तिथे येऊन आया थर्माकोल मागतात. मुलाला उद्या सूर्यमाला न्यायची असते शाळेत. तीन-चार वेळा नाही म्हणून पाहिलं, मग थर्माकोल ठेवायला लागलो. आता सगळ्यात जास्त तोच खपतो.

यापूर्वी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अठरा वर्षं मेंटेनन्सला होतो. कंपनीने आमची लाईन बंद केली आणि सन्मानाने घरी जाण्याचा पर्याय दिला. मीही तितक्याच सन्मानाने तो घेतला. दुसरी नोकरी मिळाली असती. पण लहानपणापासून डोक्यात गाड्या होत्या आणि आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. बायको शाळेत शिकवते. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, कर. प्रश्न बाबांचा होता.

आमच्या पणजोबांनी गावचं दप्तर लिहिलं, आजोबांनी शाळेत शिकवलं, बाबांनी सरकारी कचेरीत फाइली चालवल्या आणि हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. घराण्यात तराजू कोणी हातात धरला नव्हता. बाबांनी मला विरोध केला नाही. विरोध करणं त्यांच्या स्वभावात बसत नाही, ते फक्त प्रकरण पुढे सरकवत नाहीत. दुकानाचं सुतारकाम तीन महिने चाललं, त्यात ते एकदाही तिकडे फिरकले नाहीत. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मित्रांनी चौकशी केली की सांगायचे, तो सध्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. यात खोटं काहीच नव्हतं. जन्मभर कचेरीत काढलेला माणूस खोटं बोलत नाही, मसुदा नीट करतो.

मला काय हवं होतं, ते सरळच सांगतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला असं हवं होतं की बाबांनी चारचौघांत म्हणावं, हे माझ्या मुलाचं दुकान. धंदा चालण्याची काळजी होती, पण ती दुसऱ्या नंबरला होती. एवढ्या वयाच्या माणसाने असलं काही मनात धरू नये, हे कळत होतं. पण धरलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी बाबा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पूजेचं ताट, पिशवीत नारळ. मी न सांगता आले, आणि इथेच माझं डोकं फिरलं. मी इतका हुरळलो की अठरा वर्षांचं मेंटेनन्स विसरलो.

खरं तर विसरलो असंही नाही, आठवलं ते भलतंच. कारखान्यात खंडेनवमीला आम्ही प्रत्येक मशीनला हळद-कुंकू वाहायचो, हार घालायचो, समोर नारळ फोडायचो. लेथ असो की कॉम्प्रेसर, कोणाला वगळलं तर वर्षभर तेच बिघडणार, अशी सगळ्यांची खात्री. इंजिनिअरांचीसुद्धा. मग माझ्या दुकानातलं मुख्य मशीन कोणतं? ट्रॅक. बाबा गल्ल्याची पूजा करायला निघाले होते, मी त्यांना हाताला धरून ट्रॅकपाशी आणलं.

बाबांनी खाचेत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे विजेवर चालतं ना? पाणी चालेल याला?"

"बारा व्होल्ट आहे बाबा, काही होत नाही," मी म्हणालो. "हात आखडता घेऊ नका."

त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली. मी सुरुवातीच्या रेघेवर दगड ठेवला, त्यावर त्यांनी नारळ फोडला आणि पाणी चारही पदरांवर शिंपडलं. भकलात थोडं उरलं होतं, तेही घाला म्हटलं. त्यांनी घातलं.

प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले नगरसेवक दीड तास उशिरा आले. तेवढ्या वेळात पाणी काय करत होतं, हे मला नंतर कळलं. ते खाचेतून झिरपून ट्रॅकच्या पोटात गेलं, तिथून वायरीवरून ओघळून पॉवर सप्लायमध्ये उतरलं. पॉवर सप्लाय सुरुवातीच्या रेघेच्या बरोबर खाली मीच बसवला होता. नगरसेवकांनी फीत कापली, कंट्रोलर हातात घेतला, फोटोकडे बघत घोडा दाबला. खालून फट् असा आवाज आला. गाडी जागची हलली नाही. फोटो छान आला. त्यांनी छोटं भाषणही केलं, त्यात तरुणांना वेगाची योग्य दिशा मिळाल्याचा उल्लेख होता. मग ते पेढा घेऊन पुढच्या कार्यक्रमाला गेले. गाडी धावली नाही, हे त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

बाकीच्यांना कळलं. सुप्याचे जुने सहकारी, नातेवाईक, शेजारची दुकानवाली मंडळी, सगळे ट्रॅकभोवती उभे राहून माझ्याकडे बघत होते. मी खाली वाकून पाहिलं, ओला झालेला पॉवर सप्लाय पाहिला आणि उठताना जे तोंडातून निघालं ते असं: "बाबा, विजेच्या वस्तूवर एवढं पाणी ओततात का? काही कळतं का तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं माझं." त्यांनी निरांजन उचललं, ताट पिशवीत ठेवलं आणि जिना उतरून रिक्षाने घरी गेले.

आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी वेलची केळी आणतं आणि विषय मिटतो. मी केळी आणली. बाबांनी एक खाल्लंही. आम्ही बोलत होतो, दूध आलं का, गॅसचा नंबर लावला का. दुकानाचं नाव तेही काढत नव्हते आणि मीही. पॉवर सप्लाय नवा बसवला, पण तांब्याच्या पट्टीवरचं कुंकू काही हटेना. रोज सकाळी टूथब्रशने खाचा घासत बसायचो. कित्येक दिवस आमच्या गाड्या लाल चाकांनी धावल्या. घासताना मी मनातल्या मनात बाबांवर चिडायचो. माणूस स्वतःला किती बेमालूम फसवतो, त्याचा मी उत्तम नमुना होतो. पंधरा दिवसांत माझी खात्री पटत आली होती की पाणी घालायची कल्पना त्यांचीच.

गिऱ्हाईक तुरळक येत होतं. एका रविवारी काष्टीचे एक शेतकरी नातवंडांना घेऊन आले. त्यांनी दोनदा गाडी उडवली, मग म्हणाले, "लई दाबलं की उडती व्हय? मंग बैलावानीच हाय की, वळनाला सैल सोडाया पायजे." तिसऱ्या फेरीत त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. मी इंग्रजीत छापून लावलेल्या सूचना त्यानंतर काढून टाकल्या.

आणि मग म्हातारे यायला लागले. साधारण बाबांच्याच वयाचे, पायात फिरायचे बूट, सोबत नातू किंवा नात. आल्या आल्या गाडी मागायच्या आधी विचारायचे, नारळाचं पाणी पडलं ते हेच का? एकाने तर जागा दाखवायला लावली. मी हसून दाखवली. चौथ्या की पाचव्या आजोबांना शेवटी विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं?

"तुमच्या वडिलांनी. रोज बागेत सांगतात," ते म्हणाले. "म्हणतात, पोराने एवढं डोकं लावून दुकान उभं केलं आणि मी अडाण्यासारखं त्यावर पाणी ओतलं. आता जाऊन बघा तरी, म्हणाले. दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडे."

मला जे हवं होतं ते अगदी शब्दशः मिळालं होतं. चारचौघांत, रोज, पत्त्यासकट. आणि ते ऐकताना मला मान वर करता येईना. मी नातवाला कंट्रोलर दिला आणि उगाच खाच पुसत राहिलो. लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी बायकोला दुकानात बसवून घरी गेलो. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी उभ्यानेच म्हणालो, "बाबा, पाणी मी घालायला सांगितलं होतं."

"माहीत आहे. मी विचारलं होतं तुला," ते पेपर खाली न ठेवता म्हणाले.

"मग लोकांना तुमची चूक म्हणून का सांगता?"

"मालकालाच काही कळत नाही असं सांगितलं, तर तिथे येईल कोण?" त्यांनी पान उलटलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "नोकरीत हेच केलं रे. इतक्या साहेबांच्या चुका अंगावर घेतल्या. घरी येऊन कबूल करणारा तूच पहिला."