तिच्या नावाची उपटणी

इंजिनिअरिंग कॉलेजवाले मधूनमधून मला बोलावतात. स्टार्टअप आणि कायदा असा काहीतरी कार्यक्रम असतो, शाल-श्रीफळ असतं, आणि आयोजक आधीच सांगून ठेवतात की सर, पाच मुद्दे द्या, पोरांना लिहून घ्यायला बरं पडतं. माझ्याकडे पाच मुद्दे नाहीत. एकच आहे, आणि तो स्टेजवर सांगता येत नाही. म्हणून कागद जपा, करार लेखी करा, असलं गुळमुळीत बोलून मी खाली बसतो. तिथे जे बोलवत नाही ते इथे लिहितो.

वडीगोद्रीत हायवेला लागून आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. वडिलांनी उभं केलेलं. पाटीवर आडनाव, त्यापुढे ‘आणि सन्स’. सन्स म्हणजे मी एकटाच. गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती, नांगराचे फाळ, हे आमचं काम. बायको केदारखेड्याची. कापूस सरला की रानातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटायच्या, हे काम तिनं पोरवयापासून केलेलं. हातातल्या चिमट्यानं उपटताना कंबर धरते, तळहात सोलून निघतात, हे तिनं मला लग्नानंतर पहिल्याच हंगामात सांगितलं. मी ते नवऱ्यानं ऐकावं तसं ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

मग एक दिवस ती स्वतःच वर्कशॉपात येऊन बसली. जबडा खाली पाहिजे, पाय द्यायला फळी पाहिजे, आणि अंगाच्या भारानं दांडा दाबला की पऱ्हाटी मुळासकट वर आली पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी जोडायचो, ती रानात नेऊन चालवायची, संध्याकाळी मोडकं घेऊन परत यायची. भांडणंही झाली. ती म्हणायची, तुम्हाला लोखंड कळतं, कंबर कळत नाही. शेवटी जी वस्तू तयार झाली तिला आम्ही नुसतं उपटणी म्हणायचो.

जालन्याला शेतीचं प्रदर्शन होतं. तिथे न्यायची म्हणून उपटणी रंगवायला घेतली. पेंटरनं विचारलं, नाव काय टाकू? वडील समोर खुर्चीवर बसलेले. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, वडीलधाऱ्यांसमोर तर नाहीच नाही. मी डिप्लोमा केला म्हणून जीभ सुटत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर चारचौघांत मी तिचं नाव घेतलेलं नव्हतं. मी म्हणालो, टाक काहीही. पेंटर मुलखाचा वात्रट. शेजारी तिचा स्टीलचा डबा पडला होता, माहेरच्या भांड्यांवर असतं तसं त्याच्यावर नाव कोरलेलं. त्यानं बघून बघून पांढऱ्या रंगात तेच दांड्यावर उतरवलं. ती लाजून पदरानं पुसायला धावली. पदर खराब झाला, नाव राहिलं.

प्रदर्शनात ते नाव लोकांच्या तोंडी बसलं ते बसलंच. शेतकरी वर्कशॉपसमोर गाडी उभी करून थेट तिच्या नावानं विचारायचे, आहे का शिल्लक? मला कानकोंडं व्हायचं. ती आत भाकरी करता करता हसायची आणि मागाहून मला म्हणायची, सगळा तालुका माझं नाव घेतो, तुम्हीच तेवढे राहिलात.

माल वाढला तसा परतूरचा एक दुकानदार आमच्या उपटण्या विकायला घेऊन जाऊ लागला. माणूस गोड. तिला वहिनी म्हणायचा, आमच्या घरी जेवायचा, तिच्या हातच्या ठेच्याचं कौतुक करायचा. रस्त्याकडेच्या भिंतींवर त्यानं स्वखर्चानं तिच्या नावाच्या जाहिराती रंगवल्या. वडील म्हणायचे, सोन्यासारखा माणूस भेटला.

कुणीतरी सांगितलं की धंदा करता तर ट्रेडमार्क करून घ्या. आम्ही तिघंही जालन्याला एका एजंटाकडे गेलो. कुठलं नाव नोंदवायचं, असं त्यानं विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. वडील म्हणाले, घराण्याचं नाव पाहिजे, ते पिढ्यान्‌पिढ्या राहतं. एजंट म्हणाला, मशीनला दुसरं काही नाव असेल तर तेही करता येईल. ती माझ्याआधी बोलली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

“मामांचंच बराबर हाये. बाईमाणसाचं नाव कशाला सरकारी कागदावर?”

विषय संपला. आडनावाचा अर्ज झाला. बिलंही आडनावाचीच छापलेली होती, आत नुसतं लिहिलेलं असायचं, पऱ्हाटी उपटणी, नग एक. कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. ते फक्त दांड्यावर होतं आणि लोकांच्या तोंडात. त्या दिवशी परत येताना आम्ही रसवंतीवर थांबलो, आणि काहीतरी मोठं काम केल्यासारखे तिघंही खूश होतो.

पुढच्याच वर्षी तिची कावीळ उतरेना. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. मग संभाजीनगरचा दवाखाना आमचं दुसरं घर झाला. नवीन ट्रेडमार्कचा अर्ज आला की सरकार तो जर्नलमध्ये छापतं आणि हरकत घ्यायला चार महिने देतं, हे मला आता पाठ आहे. ते चार महिने मी तिचे रिपोर्ट वाचत होतो.

ती गेली. दहाव्याला परतूरचा दुकानदार आला आणि ढसाढसा रडला. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

काही महिन्यांनी त्याच्या वकिलाची नोटीस आली. अमुक नाव हा आमच्या अशिलाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, तुम्ही तो तुमच्या मालावर वापरता, तो ताबडतोब बंद करावा. अमुकच्या जागी माझ्या बायकोचं नाव होतं. मला वाटलं, वकिलाच्या माणसानं काहीतरी घोळ घातला. मी दुकानदाराला फोन लावला.

“भाऊ, मी चोरी न्हाई केली,” तो म्हणाला. “वहिनीचं नाव गावोगाव मीच नेलं. तुम्ही कागद केला न्हाई, मी केला. तिसऱ्यानंच केला असता मंग?”

मी फोन ठेवला. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि तेच जास्त लागलं.

जालन्याच्या वकीलबाई भल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायदा मान देतो, दुकानदाराची नोंदणी रद्दही होऊ शकते, पण तुम्ही आधी वापरलं हे दाखवा. मी बिलांचा गठ्ठा पुढे केला. त्यावर आडनाव. अर्ज आडनावाचा. फोटो सापडले ते ती चालवत असतानाचे, आणि प्रत्येक फोटोत दांड्यावरच्या नावावर तिचा हात. यंत्राच्या पेटंटचं विचारलं तर त्या म्हणाल्या, प्रदर्शनात सगळ्यांना उघडून दाखवलं, इतकी वर्षं विकलं, आता ती वाट बंद झाली. उरले शेतकरी. ते साक्ष देतील, त्या म्हणाल्या, वेळ लागेल, पण लढता येईल.

मी लढायला तयार होतो. वडील नव्हते. परतीच्या वाटेवर ते गाडीत इतकंच बोलले, “कोर्टात रोज तिच्या नावाचा पुकारा व्हनार. मला ऐकवणार न्हाई ते.” ज्या माणसाला घराण्याच्या नावापुढे काही दिसत नव्हतं, तो माणूस सुनेच्या नावासाठी रडत होता. आम्ही समझोत्यावर सही केली. यापुढे ते नाव आम्ही आमच्या कुठल्याही मालावर टाकणार नाही.

मला राग आला. दुकानदाराचा आला, वडिलांचा आला, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त तिचा आला, त्या ‘कशाला’चा. मेलेल्या माणसावर रागावलं की तो राग न्यायचा कुठे हे कळत नाही. गिऱ्हाईक तुमच्या दारात येऊन जे नाव घेतं, ते आधी नोंदवा. तुम्हाला ज्याचा अभिमान आहे ते मागाहून. माझा मुद्दा एवढाच.

आमची उपटणी आता बिननावाची खपते, म्हणजे फारशी खपत नाही. दुकानदार त्याची उपटणी बाहेरून बनवून आणतो. पाइप पातळ, जबड्याचा जोड वरवरचा. दिसायला मात्र चकचकीत, आणि तिच्या नावाचा मोठा लाल स्टिकर.

गेल्या हंगामात परतूरकडचा एक शेतकरी असलीच एक मोडलेली उपटणी टेम्पोत टाकून आला. मी ती खाली उतरवून घेतली. तो वैतागलेला होता. ह्या नावाची वस्तू पुन्हा दारात आणणार नाही, म्हणाला, आणि ते नाव घेऊन एक शिवी हासडली. वडील खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, “हे आमच्या सुनेचं नाव हाय. पण ही तिनं केलेली न्हाई.”

शेतकरी वरमला. त्याला जे सरळ वाटलं ते त्यानं सांगितलं.

“मंग सूनबाईला सांगा की, ह्याच्यावरून नाव काढून घ्या म्हणून.”

मी उपटणी आडवी केली, तुटलेला जबडा घासून घेतला आणि वेल्डिंग सुरू केलं. ठिणग्या दांड्याकडे उडायला लागल्या तसं मी काम थांबवलं, गोणपाट ओलं केलं, आणि तिच्या नावावर झाकलं.