बाटली फ्रिजवर होती

मी नोकरीत कायम झालो त्या आठवड्यातल्या रविवारी, भर दुपारी, सर न कळवता मयूर विहारच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आले. नोएडाच्या ऑफिसात मला घेतलं ते त्यांनीच. मुलाखतीत माझं इंग्रजी अडलं, तेव्हा "हिंदी में बोल लो, आराम से" असं म्हणणारे ते एकटेच होते. त्यांना कशालाही नाही म्हणणं मला जमत नसे. त्यांच्या हातात पुठ्ठ्याच्या नळकांड्यातली व्हिस्कीची बाटली होती.

आणि घरात अप्पा होते. माझे वडील, गावाहून चार दिवसांसाठी आलेले.

अप्पा गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. मी लहान असताना ते रोज प्यायचे. आई बाटली तांदळाच्या डब्यात लपवायची, कधी गोधड्यांच्या घडीत. अप्पा ती बघता बघता काढायचे. मग मी कॉलेजात गेलो, घरातला पहिलाच, आणि त्यांनी सोडली. माळ घातली नाही, शपथ घेतली नाही. त्याला किती वर्षं झाली हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मोजलं की नजर लागते, असं आई म्हणते.

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी रॅकवरचे चहाचे काचेचे पेले घेतले आणि मी काही बोलायच्या आत तिन्ही पेल्यांत थोडी थोडी ओतली.

"सिंगल माल्ट है, अंकलजी. नए लोगों के लिए. बारह साल, अठारह साल वाली महंगी आती है. इसपे उमर लिखी ही नहीं है."

"मग कळतं कसं?" अप्पांनी मला विचारलं. मी ते सरांना हिंदीत सांगितलं.

"पीके," सर हसले. "पर पहले नाक." आणि त्यांनी पेला अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी तो घेतला. नाकाजवळ नेला, डोळे मिटले. हे पीत नाहीत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण सरांनी "का?" असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर मला अप्पांच्या देखत द्यावं लागलं असतं. अप्पांचा अंगठा काचेवरून हळूहळू फिरत होता.

"अंकलजी, लेते तो हैं ना आप?"

"लेता था."

"अच्छा? छोड़े कितने साल हुए?"

अप्पांनी डोळे उघडून बाटलीकडे बोट केलं. "इसपे नहीं लिखा है ना? हमारा भी नहीं लिखा है."

सर आधी हसले, मग एकदम थांबले. "सॉरी, अंकलजी," म्हणत त्यांनी पेला घ्यायला हात पुढे केला. अप्पांनी तो त्यांना दिला नाही. माझ्यापुढे धरला.

"तू घे. कशी आहे ते सांग मला."

अप्पांसमोर मी कधी पानसुद्धा खाल्लं नव्हतं. "जीभ पर रुकने दो," सर हलक्या आवाजात म्हणाले. आधी गोड लागली, फार पिकलेल्या पेरूसारखी. थोडा मध, ओल्या लाकडाचा वास. मग नाकात स्पिरिट चढलं आणि छातीपर्यंत चटका गेला. मी तसं सांगितलं. अप्पा मान खाली घालून ऐकत होते.

"घसा जळतो?"

"जळतो."

"मग तीच आहे," ते म्हणाले.

सर फार थांबले नाहीत. दारात माझा हात धरून म्हणाले, "बता देते यार." बाटली राहिली. ती हातात घेऊन मी कपाटाकडे बघितलं, मग पलंगाखाली.

"लपवू नकोस," मागून अप्पा म्हणाले. "लपवलेली मला लगेच सापडते. दिसेल अशी ठेव."

मी ती फ्रिजवर ठेवली. सोमवारी ऑफिसात माझं कशातच लक्ष नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं आणि चपला काढायच्या आधी माझी नजर फ्रिजवर गेली. अप्पा कुकर लावत होते. मी कुठे बघतोय ते त्यांनी पाहिलं आणि शेगडी पेटवली.

मंगळवारी स्टेशनला निघताना बॅगेची चेन ओढत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आहे तेवढीच आहे. मीपण बघत होतो."