घोटलेली बडीशेप

वाशिमकडच्या मालेगावहून मेडशीला जाणाऱ्या एसटीत एक आजोबा रोज माझ्या पुढच्या सीटवर असतात. मी कानात इअरफोन घालून बसते. गाणी बहुतेक बंदच असतात, पण कोणी बोलायला येत नाही.

बस सुटली की ते खिशातून प्लास्टिकची पन्नी काढून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागायचे आणि मी नाकाला ओढणी लावायची. त्या दिवशीही लावली, पण वास बडीशेपेचा आला.

त्यांच्या शेजारी बसलेला मित्र हसला. "काहून बे, बायायवानी बडीशेप घोटून राह्यला?"

"नात जवळ येत नाई ना. म्हंते, आबा, तुमच्या तोंडाचा वास येते." अंगठा पन्नीवर फिरतच होता. "तोंडाले समजलं, हाताले समजून नाई राह्यलं. म्हून त्याले काम देल्लं."

मित्राने स्वतःचा खर्रा पुढे केला. "घे एक चिमटी. नातीले कोन सांगते?"

अंगठा थांबला. ते त्या खर्र्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मित्राची मूठ हळूच मिटवली आणि खर्रा वाटतात तशी पन्नी सगळ्यांपुढे फिरवली.

"घे वं माय," ते मागे वळून मला म्हणाले.

अनोळखी माणसाकडून मी काही घेत नाही. त्या दिवशी घेतलं. बडीशेपेचा पार भुगा झाला होता आणि ती अजून कोमट होती. मी इअरफोन काढला.

"छान घोटली आहे," मी म्हणाले.