उजवीकडे वळून राहिलेली मान

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी नागपूरहून शिकून वर्ध्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले. लोक मला 'शेकवाली बाई' म्हणत. मान धरली की शेक घ्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. मला मात्र शेकापेक्षा तपासणीत रस. माणूस दारातून कसा येतो, शर्ट काढताना कुठला खांदा आधी उचलतो, हे बघत राहायला मला फार आवडायचं.

एकदा पुलगावच्या कापड गिरणीतले एक कामगार आले. वय चाळिशीचं, सोबत बायको. मान आणि पाठीचा वरचा भाग सारखा दुखायचा. शर्ट काढायला लावून त्यांना स्टुलावर बसवलं आणि समोरून नुसतं पाहिलं. हनुवटी किंचित उजवीकडे वळलेली आणि उजवा खांदा वर उचललेला होता. "डावीकडे बघा," म्हटलं, तर मान अर्ध्यावर अडली आणि ते कमरेतूनच वळले.

मग मी मागे गेले. मानेच्या तळाशी उंच मणका लागतो, तिथून अंगठ्यानं दाबत खाली निघाले. डाव्या अंगाला वाकून हळूच विचारलं, "इथे दुखतं?"

"थोडं थोडं."

उजवीकडे गेले. तिथला स्नायू दोरासारखा ताठ. दाबताच खांदा दचकला. "इथे?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी गप्प. अंग सांगतंय आणि तोंड सांगत नाही, हे काय गौडबंगाल? मी समोर येऊन विचारलं, "उजवीकडे दुखत नाही का?"

"दुखते नं बाई, लय दुखते."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही काई इचारलंच नाई!"

मी पुन्हा मागे गेले आणि त्यांच्या उजव्या कानाशी बोटं चोळली. काही नाही. डाव्या कानाशी चोळली, तर चटकन वळले. म्हणजे समोरच्याचं ऐकायला डावा कान पुढे करायचा, म्हणून मान कायम उजवीकडे. दुखणं मानेत होतं, पण मूळ कानात.

"उजव्या कानानं कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी खाली पाहिलं. बायकोनं मात्र माझ्याकडे पाहिलं. "आयकू येत नाई? काऊन हो?"

"लहानपणी कान वाह्यत होता," ते म्हणाले. "लग्नाच्या वक्ती माय म्हणे, सांगू नको, सोयरीक मोडन. मंग नंतर कसं सांगू?"

बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मी रोज उजव्या अंगाले बसून बोलून राह्यली, अन् हे भिंतीकडं पाह्यत राह्यत. मले वाटे, माणसाले आपली किंमतच नाई. मंग इतके वर्सं मी कोणाशी भांडली?"

ते ओशाळून हसले. ती हसली नाही. पण त्यांना शर्टाची बाही सापडेना, तेव्हा तिनंच हात धरून घातली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा गेलाय, ऐकणं परत येणार नाही, कान कोरडा ठेवा. मी मानेचे व्यायाम शिकवले. बसायची जागा बदला, असंही सांगितलं. महिन्याभरानं दोघं परत आले. मान डावीकडे बरीच वळत होती.

"घरी कसं काय?" मी बायकोला विचारलं.

"आता मी डाव्या अंगाले बसतो. सगळं आयकू येते त्याइले," ती म्हणाली. "तरी जवाब देतच नाई!"

ते मान खाली घालून हसत होते, आणि मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. उजवा अजून थोडा वर होता.