कुणाला घावलं?

"थांबा! कुणाला घावलं?"

सहलीला आलेल्या एखाद्या पोराच्या हाताला खड्ड्यात खापराचा तुकडा लागला, की केरूमामा असे ओरडायचे. सगळी खुरपी जागच्या जागी थांबायची. त्या पोराचं नाव चिठ्ठीवर चढेपर्यंत तुकडा हलवायचा नाही. गंमत अशी, की तो तुकडा आदल्या संध्याकाळी मामांनीच तिथे पुरलेला असायचा. निळ्या नक्षीच्या बशीचा एकच तुकडा, पण त्याच्या पिशवीत शे-दीडशे पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या.

जुन्नरजवळच्या एका इंग्रजी अमदानीतल्या डाकबंगल्याच्या पागेत शाळेच्या मुलांना पुरातत्त्व शिकवायचं केंद्र आहे. मागच्या अंगणात सरावाचा खड्डा. वरच्या थरात साहेबाची फुटकी ताटं, सोड्याच्या बाटल्या, खाली त्याहून जुनी खापरं. मुलांची बस गेली, की मामा ते सगळं ज्याच्या त्याच्या थरात परत पुरायचे. खसाखसा उकरणाऱ्या पोराला म्हणायचे, "आरं, बटाटं काढतोय का? हळू! आतमधी कुणाचं तरी जेवणाचं ताट हाय."

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर पारगावच्या कारखान्यावर आले, तिथे पाठ गेली, मोळी उचलेना. टोळी गावाकडे परतली आणि मी लेकीला घेऊन या केंद्रात स्वयंपाकाला राहिले. बंगल्यामागची खोली मिळाली. कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी वाटायचं, आता आपल्याला जा म्हणतात.

"लिवता येतं का गं?" मामांनी एकदा विचारलं.

"सातवीपर्यंत."

"मंग झालं की! म्या चौथी नापास. तू आमची हेडमास्तरीण." त्यांनी संचालक सरांना सांगून मला चिठ्ठ्या लिहायला मागून घेतलं. रोज दुपारी पाटीवर चार ओळी काढायला लावल्या. माझं अक्षर वळणदार झालं ते त्यांच्यामुळे. पोळपाट सुटला, तोही त्यांच्यामुळेच.

नावाचा एवढा हट्ट का, हे मी विचारलं होतं. मामा पश्चिमेकडच्या डोंगरातले, भात-नाचणीवाले. पण निम्मं आयुष्य मोठमोठ्या उत्खननांवर मजूर म्हणून गेलेलं. त्यांनी ट्रंकेतून एका जाड पुस्तकाचं फाटकं पान काढलं. फोटोत मातीची भिंत, मापाची पट्टी, आणि पट्टी धरलेला एक हात. "हात माजा हाय," मामा म्हणाले. "त्वांड कापलंय."

मग सरांनी मोठ्या शाळांसाठी पागेमागे दुसरा खड्डा काढायचं ठरवलं. जेसीबी आला. चार बकेट माती निघाली आणि मामा खड्ड्यात उतरून मधोमध बसले.

"सर, हितली माती राखाडी हाय. खाली कायतरी हाय."

"मामा, तुम्हीच पुरलं असेल काहीतरी," सर म्हणाले. सगळे हसले.

"उठा की राव, डिझेल जळतंय!" ड्रायव्हर वरून ओरडला.

"जळू दे. हितं म्या कायबी पुरल्यालं न्हाई."

दुपारभर ते खुरप्यानं आणि ब्रशनं माती सारत राहिले. तीनच्या सुमाराला भाजलेल्या मातीच्या कड्याची गोलाई दिसली. खाली दुसरं कडं, त्याच्याखाली तिसरं. एकावर एक कडी रचून केलेली, पार सातवाहनांच्या वेळची विहीर. सवयीनं मामा ओरडले, "थांबा! कुणाला घावलं?" आणि स्वतःच हसत सुटले. "आरं, मलाच की!"

असं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "पोरी, चिठ्ठी लिव," ते म्हणाले. वर काठावर सर उभे होते. मी म्हणाले, "उद्या लिहिते, मामा."

पुरातत्त्व खात्याचे साहेब लोक आले, फोटो झाले, पेपरात सरांची मुलाखत आली. आठवड्यानं सरांनी मला बोलावलं. काचेच्या पेटीत एक कडं ठेवलं होतं, त्याच्यापुढे पाटी हवी होती. मजकूर त्यांनी सांगितला. "शोध : केंद्र संचालक."

"सर, ते मामांना..."

ते रागावले नाहीत. "मजुरांची नावं घालायची पद्धत नसते. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणून तुला सांगतोय. आणि जूनमध्ये नवी माणसं घ्यायचीत, तेव्हा तुझंही बघू."

मला खोली दिसली, लेकीचं दप्तर दिसलं. मी लिहिलं. एकही अक्षर वाकडं गेलं नाही.

मामांनी पाटी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्षर लई झाक आलंय, पोरी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतरही ते रोज खापरं पुरत राहिले, पण ओरडणं बंद झालं. पोरं तुकडे उपसून पळायची आणि मामा पागेच्या पायरीवर बसून असायचे. लावणीला म्हणून गावी गेले ते परतले नाहीत. दिवाळीच्या आसपास ते गेल्याचा निरोप आला.

आता खड्डा मी चालवते. "थांबा! कुणाला घावलं?" मीच ओरडते. एकाही पोराचं नाव सुटू देत नाही. शेवटी मुलांना काचेच्या पेटीकडे न्यावं लागतं. परवा कळंबच्या शाळेतल्या एका मुलीनं पाटी वाचली आणि मला विचारलं, "मावशी, हे सरांना घावलं व्हय?"

"हो," मी म्हणाले. "चला, हात धुवा. जेवणं व्हायचीत."